होसूर रोडवरचे दोन शेजारी

बंगळूरच्या रिचमंड टाउनमध्ये होसूर रोडच्या तोंडाशीच ऑल सेंट्स चर्च आहे. १८७० सालचे, झाडांच्या गर्दीत दडलेले. तिथून दक्षिणेला निघाले की जुन्या ख्रिस्ती दफनभूमी लागतात, मग निम्हान्सचे मानसोपचार रुग्णालय. डेअरी सर्कल ओलांडले की धर्माराम कॉलेज येते. केरळच्या सीएमआय या कॅथलिक धर्मसंघाचे हे गुरुविद्यालय १९५७ मध्ये बंगळूरला आले आणि त्याच्याच आवारात १९६९ मध्ये ख्राइस्ट कॉलेज उभे राहिले. आणखी पुढे मडिवाळ्याच्या बाजूला कॅथलिक बिशपांनी काढलेले सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज आहे. मग सिल्क बोर्डचा तो कुप्रसिद्ध चौक, आणि तिथून दहा किलोमीटरचा उन्नत रस्ता थेट इलेक्ट्रॉनिक सिटीत उतरतो. चर्च, स्मशान, मानसोपचार, धर्मशिक्षण, वैद्यकशिक्षण आणि शेवटी सॉफ्टवेअर, सगळे एकाच रस्त्यावर.

इलेक्ट्रॉनिक सिटी १९७८ मध्ये आखली गेली. केओनिक्स या सरकारी महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बालिगा यांनी कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन गावांच्या ३३२ एकरांत तिचा पाया घातला. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली आणि नव्वदीच्या दशकात इलेक्ट्रॉनिक सिटीत स्थिरावली. मग देशभरातून तरुण मुलेमुली या रस्त्याने येऊ लागली. त्यांत केरळचे मार्थोमा आणि सिरियन होते, मंगळूर-गोव्याचे कॅथलिक होते, मिझोराम-नागालँडचे प्रेस्बिटेरियन आणि बाप्टिस्ट होते, वसईचे कुपारी होते, नगर-जालन्याचे मराठी प्रॉटेस्टंट होते. गावातल्या चर्चमध्ये ज्यांच्या आजोबांचे नाव बाकावर कोरलेले, अशा घरांतली ही मुले. त्यांच्यातलीच काही समलिंगी होती. त्यांच्यापुरते चर्च आणि एलजीबीटी समाज हे दोन वेगळे गट कधी नव्हतेच; ते दोन्ही एकाच माणसाच्या अंगात राहत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

हे बोलणे सुरू कसे झाले, कोणी केले, आणि अजून कुठे अडले आहे, त्याचा हा इतिहास. माझ्या मते त्याची सुरुवात लैंगिकतेच्या चर्चेत झालीच नाही. ती जातीच्या चर्चेत झाली, आणि ती करणारा माणूस मराठी होता.

अरविंद पॉलस निर्मळ जालन्याचे. जालना हे मराठवाड्यातल्या ख्रिस्ती इतिहासातले मोठे ठिकाण. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात त्याच्याजवळच बेथेल हे गाव वसवले ते मातंग समाजातून ख्रिस्ती झालेल्यांसाठी. निर्मळ पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे पाळक झाले आणि बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शिकवू लागले. मिलर्स रोडवरचे हे कॉलेज १९१० पासूनचे. १९८१ मध्ये तिथल्या एका भाषणात त्यांनी भारतीय ख्रिस्ती विचारवंतांना एक अवघड प्रश्न घातला. आजवरचे भारतीय धर्मचिंतन वेदान्ताशी गप्पा मारत बसले, ब्राह्मण धर्मांतरितांच्या अनुभवावर पोसले गेले. मग बहुसंख्य ख्रिस्ती ज्या जातींतून आले त्यांचे दुःख त्यात कुठे आहे? दलित थिऑलॉजी म्हणून जी विचारधारा पुढे जगभर अभ्यासली गेली, तिचा उगम या भाषणात सांगतात. नंतर चेन्नईच्या गुरुकुल लुथरन कॉलेजात निर्मळांनी तिला अभ्यासविषयाचे रूप दिले. १९९५ मध्ये ते गेले.

समलिंगी माणसांविषयी ते तेव्हा काही बोलत नव्हते. पण त्यांनी दोन गोष्टी मागे ठेवल्या. पहिली म्हणजे बायबल वाचण्याची रीत. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात इस्राएली माणूस आपल्या भटक्या पूर्वजाची आठवण सांगत देवापुढे उभा राहतो. निर्मळांनी त्या जागी आपला दलित पूर्वज उभा केला. दुसरी गोष्ट म्हणजे एक अट. ज्याने सोसले त्यानेच बोलायचे, त्याच्या वतीने दुसऱ्याने नाही. ही अट तेव्हा अनेकांना एकांगी वाटली. तीस वर्षांनी बंगळूर आणि नागपूरच्या ख्रिस्ती सभागृहांमध्ये ट्रान्सजेंडर आणि समलिंगी माणसे स्वतः बोलायला उभी राहिली, तेव्हा तिचे मोल कळले.

दरम्यान एका आजाराने दार ढकलले. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी गोव्यातल्या पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण कॅथलिक पोलिसांनी उचलला. त्याचा गुन्हा काही नव्हता. तो नेमाने रक्तदान करायचा आणि त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशा माणसाला सक्तीने अलग ठेवण्याची तरतूद होती. जुन्या क्षयरुग्णालयात त्याला ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. वकील होते आनंद ग्रोव्हर. न्यायालयाने कायदा रद्द केला नाही, पण मुलगा सुटला, आणि एचआयव्ही असलेल्या भारतीयाच्या हक्कांचा हा पहिला मोठा खटला ठरला. सुटून आल्यावर डॉमिनिकने नाटककार मैत्रीण इझाबेल द सांता रीता व्हाझ यांच्यासोबत ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. १९९२ मध्ये तो गेला. ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट त्याच्याच आयुष्यावर बेतलेला आहे.

या प्रकरणात मला आईचे धाडस मोठे वाटते. ऐंशीच्या दशकातले गोव्यातले गाव, पोराला ‘तो’ रोग, आणि ही बाई सरकारविरुद्ध स्वतःच्या नावाने दावा लावते. विधीच्या पुस्तकांत तो खटला आजही तिच्याच नावाने छापला जातो. पुढच्या काळात चर्चच्या पायऱ्यांवर जे काही बदलले, त्यात अशा आयांचा वाटा धर्मपंडितांपेक्षा कमी नाही.

एचआयव्हीमुळे चर्चची इस्पितळे आणि समलिंगी, तृतीयपंथी माणसे प्रथम समोरासमोर आली. दिल्लीत एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटाने १९९१ मध्ये भारतीय समलिंगींच्या स्थितीवरचा पहिला अहवाल काढला, आणि १९९४ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध पहिली याचिकाही त्यांनीच केली. बंगळूरला कॅमिलियन धर्मबंधूंनी सर्जापूर रोडकडे ‘स्नेहदान’ हे एचआयव्ही रुग्णांचे घर सुरू केले. सिस्टर आणि ब्रदर ज्यांची जखम धूत होते, ज्यांना भरवत होते, त्यांची कहाणी त्यांना ऐकावीच लागली. उपदेशाला तिथे फारशी जागा नव्हती. ताप मोजायचा होता, गोळ्या द्यायच्या होत्या, आणि घरच्यांनी टाकलेल्या माणसाच्या उशाशी बसायचे होते. २००५ मध्ये कॅथलिक बिशप परिषदेने एचआयव्हीविषयक धोरण जाहीर केले, ते या वर्षांच्या शहाणपणातून. नागपुरात मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाची वाटही हीच. १९१४ पासूनच्या या परिषदेत प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मिळून तीसेक मंडळ्या आहेत. सिव्हिल लाइन्समधल्या ख्रिश्चन कौन्सिल लॉजमधून तिने एचआयव्हीसाठी ‘ईशा’ हा प्रकल्प चालवला, आणि त्याच कामातून लैंगिकतेचा विषय तिच्या टेबलावर आला.

होसूर रोडच्या शहरात तेव्हा काय चालले होते? १९९४ मध्ये बंगळूरला ‘गुड अॅज यू’ हा समलिंगींचा गट भेटू लागला. १९९७ मध्ये नॅशनल लॉ स्कूलमध्ये समलिंगी हक्कांवर परिसंवाद झाला. १९९९ मध्ये लैंगिक अल्पसंख्यांसाठी ‘संगमा’ ही संस्था निघाली. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या कर्नाटक शाखेने २००१ आणि २००३ मध्ये दोन अहवाल काढून पोलिसांचा छळ, घरची मारहाण आणि डॉक्टरांची वागणूक कागदावर आणली. याच काळात ‘स्वभाव’ संस्थेचे विनय चंद्रन आणि वकील अरविंद नारायण यांनी शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या. समलिंगी आकर्षण घालवण्यासाठी किळस निर्माण करण्याचे उपचार अजून सुरू असल्याचे त्यांत दिसले. कित्येक ख्रिस्ती घरांतली मुले तर दोन्हीकडून भरडली जात: डॉक्टर औषध देणार, पाळक उपास आणि प्रार्थना सांगणार, आणि काहीच बदलले नाही की दोष मुलाच्या श्रद्धेवर यायचा. म्हणूनच पुढे निम्हान्सचे डॉ. शेखर शेषाद्री आणि देशातले इतर मानसोपचारतज्ज्ञ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा आजार नाही असे त्यांनी लेखी सांगितले, ही मोठी गोष्ट होती.

२००८ हे वर्ष कर्नाटकच्या या इतिहासात वेगळे काढून पाहावे असे आहे. २९ जूनला बंगळूरच्या रस्त्यावर पहिली प्राइड मिरवणूक निघाली. पुष्कळांनी तोंडावर मुखवटे घातले होते, कारण सोमवारी कामावर जायचे होते. १४ सप्टेंबरला, अडीच महिन्यांनी, मंगळूर परिसरातल्या चर्चवर हल्ले झाले. एका मठाच्या प्रार्थनागृहात मोडतोड झाली, निषेधाला उतरलेल्या ख्रिस्ती तरुणांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. हल्ल्यांनंतर तिथे जाऊन जबाब लिहून घेणाऱ्यांत, समलिंगींच्या छळाचे अहवाल काढणाऱ्या त्याच पीयूसीएलची माणसे होती. एकाच राज्यात, एकाच पावसाळ्यात, दोन अल्पसंख्य समाज भीतीने जगत होते, आणि त्यांच्यासाठी धावणारे कार्यकर्ते बरेचसे तेच होते. तरीही दोघांना एकमेकांची भीती दिसली नाही. चर्चच्या बाजूने बोलायचे तर त्याला कारण होते. आधीच परके ठरवले गेलेल्या समाजाला आणखी एक पाश्चात्त्य खूळ घेऊन आलात असा आरोप नको होता. हे भित्रेपण समजून घेतल्याशिवाय पुढचा भाग समजत नाही.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, मूळचे सोलापूरचे, आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खासगी संबंधांना ३७७ मधून वगळले. हे कलम आपल्या परंपरेतले नाही. मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या दंडसंहितेतले, व्हिक्टोरियन इंग्लंडच्या ख्रिस्ती नीतीचे ते अपत्य. निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांच्या यादीत अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि ट्रस्ट गॉड मिशनरीज ही नावे होती. त्याच यादीत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होते आणि क्रांतिकारी मनुवादी मोर्चाही होता. एरवी एका मांडवात न बसणारी ही मंडळी इथे एकत्र आली. दलित ख्रिस्ती विचार ज्या भूमीत उगवला, तिथल्या ख्रिस्ती संघटना मनुवादाच्या नावाने उभ्या असलेल्या पक्षाशेजारी बसल्या हे मला अतिशय क्लेशकारक वाटते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ पुन्हा जिवंत केले.

पण त्याच आठवड्यात मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप, कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीर केले की समलिंगी विवाहाला कॅथलिक चर्चचा विरोध असला तरी समलिंगी माणसाला चर्चने कधी गुन्हेगार मानलेले नाही. देशातल्या ज्येष्ठ कॅथलिक धर्मगुरूंपैकी एकाचे हे वाक्य होते. पाप आणि गुन्हा यांच्यातली भिंत त्यांनी उभी केली, आणि त्या भिंतीआड कितीतरी घरांना श्वास घेता आला. वसई-वांद्र्याच्या आईबापांना आता निदान एवढे म्हणता येत होते: मुलाला तुरुंगात घाला असे आपला धर्म म्हणत नाही.

प्रॉटेस्टंट बाजूला काम अधिक खोल गेले, आणि त्याचे एक केंद्र पुन्हा मिलर्स रोडच होते. तिथली ख्रिश्चन इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ रिलिजन अँड सोसायटी ही पी. डी. देवनंदन आणि एम. एम. थॉमस यांच्या परंपरेतली १९५७ ची संस्था. तिचे तेव्हाचे संचालक व्हिन्सेंट राजकुमार आणि गुरुकुलात शिकवलेले मार्थोमा विचारवंत जॉर्ज झकारिया यांनी चर्च आणि समलिंगीद्वेष या विषयावरचा लेखसंग्रह २०१५ मध्ये संपादित केला. नागपूरच्या परिषदेने लिंगभाव आणि लैंगिक वैविध्यासाठी एक राष्ट्रीय मंच उभारला, आणि फादर फिलिप कुरुविला यांच्या संपादनाखाली मंडळ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढले.

या बैठकांमध्ये काय होते, ते जवळून पाहिले तर मतभेदाचा नेमका धागा हाती लागतो. बायबल उघडले जाते. एकजण लेवीय १८ वाचतो, दुसरा रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय. तिथे लिहिलेले स्पष्ट आहे असे ते मनापासून मानतात. त्यांना द्वेष्टे म्हणून सोडून देणे सोपे, पण खोटे आहे. मग कोणी प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ काढतो. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार, खच्ची केलेला माणूस, यरुशलेमहून परतताना रथात यशया वाचत बसला आहे. नियमशास्त्राप्रमाणे त्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. सुवार्तिक फिलिप धावत त्याच्या रथाशी जातो, वर चढून शेजारी बसतो, आणि वाटेत पाणी दिसल्यावर तो माणूसच विचारतो की माझा बाप्तिस्मा व्हायला हरकत काय? फिलिप हरकत घेत नाही. अभ्यासवर्गात हा उतारा वाचताना ट्रान्सजेंडर व्यक्ती समोर बसलेली असेल तर खोलीची हवा बदलते, कारण प्रश्न विचारणारा आता पुस्तकात उरलेला नसतो. निर्मळांची अट इथे फळाला आली.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या बाबतीत चर्च त्यामानाने झपाट्याने बदलले. एप्रिल २०१४ मध्ये नालसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ओळख मान्य केली. २०१६ मध्ये कॅथलिक चर्चच्या कॅरिटास इंडिया या सेवासंस्थेने ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी काम करण्याची आणि त्यांना नोकरीतही घेण्याची तयारी दाखवली. त्याच वर्षाच्या अखेरीस कोचीत ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांसाठी ‘सहज’ शाळा निघाली. घरमालकांमागून घरमालक नकार देत असताना कार्मेल संघाच्या सिस्टरांनी तिला आपली जागा दिली. व्हॅटिकननेही नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की ट्रान्सजेंडर व्यक्तीचा बाप्तिस्मा होऊ शकतो, आणि काही अटींवर ती धर्ममाता किंवा धर्मपिताही होऊ शकते.

हे सगळे मोलाचे आहे. पण ते सोपे का गेले, हेही म्हणायला हवे. रस्त्यावर टाळी वाजवून पैसे मागणारी व्यक्ती चर्चला गरजू दिसते, आणि गरजूसाठी काय करायचे हे चर्चला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे: शाळा, दवाखाना, शिवणयंत्र, आसरा. इलेक्ट्रॉनिक सिटीतला गळ्यात ओळखपत्र घातलेला अभियंता यांतले काहीच मागत नाही. तो दशांश देतो. गायनवृंदात गातो, प्रोजेक्टरवर गीतांचे शब्द तोच लावतो, नाताळच्या नाटकाला ध्वनियंत्रणा तोच जोडतो. त्याला एवढेच हवे असते की त्याचे खरे आयुष्य माहीत असूनही त्याची बाकावरची जागा राहावी. दानधर्माने हे भागत नाही. त्यासाठी बरोबरी मान्य करावी लागते, आणि खरी कसोटी तीच आहे.

कचेऱ्या त्याच्यासाठी चर्चच्या आधी बदलल्या. इन्फोसिसमध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांचा गट निघाला, इतर कंपन्यांनी धोरणे आखली, २०१७ मध्ये बंगळुरातच ‘प्राइड सर्कल’ ही कंपन्यांना या कामात मदत करणारी संस्था सुरू झाली आणि २०१९ च्या जुलैत तिने शहरात एलजीबीटी उमेदवारांचा रोजगार मेळावा भरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ३७७ ची ती बेडी तोडली, तेव्हा अपोस्टोलिक अलायन्स ऑफ चर्चेस आणि उत्कल ख्रिश्चन असोसिएशन पुन्हा विरोधात उभ्या होत्याच. कॅथलिक बिशपांच्या बाजूने सूर निघाला तो असा की कायदेशीर झाले म्हणजे नैतिक झाले असे नाही. ही भूमिका सौम्य होती, पण सोमवार ते शुक्रवार कार्यालयात उघडपणे जगणाऱ्या माणसाला रविवारी पुन्हा लपावे लागण्याची वेळ तिने संपवली नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीत वेलंकनी या नावाचे टेक पार्क आहे. तिथे काम करणारा कोणी मंगळूरचा कॅथलिक आठ सप्टेंबरच्या सणाला शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकात गर्दीत उभा राहतो, मेणबत्ती लावतो, आणि घरचा फोन आला की लग्नाचा विषय टाळतो.

जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी समलिंगी असणे हा गुन्हा नाही असे जाहीरपणे सांगितले, आणि डिसेंबरमध्ये समलिंगी जोडप्यांना, लग्नविधीचे रूप न देता, आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली. दरम्यान १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली होती. त्या सुनावणीच्या काळात भारतातल्या अनेक चर्च संघटना विवाह फक्त स्त्री-पुरुषाचाच यावर ठाम राहिल्या. आज भारतातले कोणतेही मोठे चर्च समलिंगी जोडप्याचे लग्न लावत नाही. त्यामुळे होसूर रोडच्या दोन्ही बाजूंच्या मंडळ्यांमध्ये रोजचा व्यवहार अजूनही त्या त्या पाळकावर अवलंबून आहे: गायनवृंदातल्या त्या मुलाला तो बोलावून काय सांगतो, गावाहून आलेल्या आईवडिलांनी मुलगा कधी ‘बरा’ होईल असे विचारले तर त्यांना खुर्ची देतो की उपासाचे दिवस. सेरामपूर विद्यापीठाशी जोडलेल्या ईशशास्त्र महाविद्यालयांत लिंगभाव आणि लैंगिकता हे विषय आता शिकवले जातात, आणि तिथून बाहेर पडलेले तरुण पाळक या मंडळ्यांमध्ये रुजू होत आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या दारावर ही मुले संध्याकाळी काम सुटल्यावर थाप मारतात, आणि आत येऊन बसतात.